पन्हाळा–पावनखिंड बारमाही वाट: करपेवाडीचा तुकडा अखेर सुटला

सुटला एकदाचा! महाराज पन्हाळ्याहून पावनखिंडीकडं गेले ती वाट बाराही महिने चालता यावी म्हणून आपण तिचा जीपीएस ट्रॅक बनवतोय, त्यातला हा अडलेला तुकडा. करपेवाडी ते आंबर्डे हा तुकडा भर आषाढात, एकाही भातखाचरात पाय न घालता आणि डांबरीचा वळसा न घेता पार झाला. या तुकड्यावर आपण किती डोकेफोड केली आहे ते जुन्या मंडळींना सांगायला नको. ट्रॅकची फाईल अजून साफ करायची आहे, पण लिहिल्याशिवाय राहवेना.

मसाई पठारापर्यंत तसं नवीन काही नाही. पन्हाळ्याच्या राजदिंडी दरवाजाच्या पायऱ्या शेवाळलेल्या, तुरुकवाडी-म्हाळुंगे नेहमीसारखं. पठारावर मात्र धुकं इतकं होतं की दहा पावलांपुढचा सोबती दिसेना. तिथं गाडीवाट सोडायची नाही, हा आपला नियम पुन्हा कामी आला. कड्याच्या बाजूला वाऱ्याचा आवाज बदलतो. तो ऐकू आला की थांबून होकायंत्र बघायचं. कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी झाली आणि मग आली आपली जुनी अडचण.

आपल्याकडचा ट्रॅक माघातला आहे. करपेवाडी संपली की तो सरळ खाली उतरतो. माघात तिथं नुसती धसकटं असतात, जमीन टणक, सायकलसुद्धा खडखडत निघून जाते. आषाढात त्याच जागी गुडघाभर चिखल. चिखलणी झालेली, तरव्याच्या (भाताच्या रोपांच्या) मुठी बांधावर मांडलेल्या, इरली घेऊन बाया रोप लावायला वाकलेल्या. अशा वेळी मोबाईलमधली रेघ दाखवून ‘वाट इथूनच आहे’ म्हणायचा आपल्याला काय अधिकार? बांधावरून जावं तर तो ताज्या चिखलानं लिंपलेला असतो. एक टाच खचली की वरच्या खाचरातलं पाणी खालच्या खाचरात घुसतं आणि नुकतं लावलेलं रोप घेऊन जातं. त्या घराचं वर्षाचं भात आहे ते. जुलैतल्या मोहिमांत माणसांची रांगच्या रांग अशा बांधावरून जाते, तेव्हा मागं काय उरतं ते ज्यानं एकदा पाहिलंय तो पुन्हा बांधावर पाय ठेवणार नाही.

आतापर्यंत ओढ्याच्या काठानं जाऊन पाहिलं, पण पाणी चढलं की काठच राहत नाही. जंगलाच्या कडेनं वरून जायचा बेत करवंदीच्या जाळीनं मोडला. उपग्रहाच्या चित्रांवर रात्र-रात्र बसून रेघा ओढल्या. ती चित्रं बहुतेक कोरड्या महिन्यांतली, म्हणून तीही माघातलीच वाट दाखवतात. ढगांखालचा आषाढ त्यांना दिसतच नाही.

या वेळी खाचराच्या कडेला उभं राहून एका मावशींना वाट विचारलीच नाही. विचारलं, ‘मावशी, गुरं चरायला कुठनं नेता?’ हातातली मूठ तशीच धरून त्यांनी मान वर केली आणि हनुवटीनं डोंगराकडं दाखवलं. ‘वर गडग्याला लागून जावा की. लावणी झाल्यावर गुरं तिथनंच जात्यात, खाली कोण सोडतंय?’

सगळी गोष्ट त्या एका वाक्यात होती. लावणीपासून कापणीपर्यंत गुरांना खाचरातून नेता येत नाही, तरी ती रोज चरायला जातातच. म्हणजे वाडीपासून गायरानापर्यंत खाचरांच्या वरून जाणारी, सतत तुडवलेली वाट असणारच. आपण माणसांच्या वाटा शोधत बसलो होतो.

ती वाट अशी आहे: शेवटच्या गोठ्यामागं बांबूचं कवाड. ते उघडून आत गेल्यावर परत लावायचं, ही माझी हात जोडून विनंती. डाव्या हाताला जांभ्या दगडाचा गडगा (रचलेली कुंपणाची भिंत), त्यावर हातभर नेचे उगवलेले. उजवीकडं उतार. वाट दीड हात रुंद, खुरांनी खोलगट झालेली, पण तळाशी मुरूम, त्यामुळं बूट रुतत नाही. पुढं ओढा आडवा येतो तोही गुरांनी नेमका निवडला आहे: सपाट कातळावर पाणी पसरून वाहतं, म्हणून उथळ. मी गेलो तेव्हा जेमतेम गुडघ्याखाली होतं. तरीही सांगून ठेवतो, पाण्याखालचा कातळ दिसत नसेल तर उतरायचं नाही. या ओढ्यांचा पसारा लहान आहे; पाऊस उघडला की पाणी लवकर ओसरतं, तेवढं थांबावं.

पलीकडं चढून आंबर्ड्याच्या बाजूची पहिली घरं दिसली तेव्हा मी भर पावसात मोठ्यानं ओरडलो.

आता यातून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. महाराज पन्हाळ्यातून निघाले ती १२ जुलै १६६० ची रात्र, म्हणजे भर पावसाळा. पालखी खांद्यावर, बांदलांचे मावळे सोबत, मागं सिद्दी जौहरच्या फौजेचा पाठलाग. भोयांना चिखलातून पालखी पळवता येत नाही. मसाईसारखं उंच पठार त्या रस्त्यावर का आहे, याचं उत्तरही यातच असावं असा माझा कयास आहे. मग पुढच्या वाड्यांतही ती वाट टणक, वरच्या अंगाची असणार. आपण मात्र पावसाळ्यातल्या धावेची वाट हिवाळ्यात मोजत आलो. खिंडीपर्यंतचा सगळा ट्रॅक या नजरेनं पुन्हा तपासायला हवा.

साधनांबद्दल थोडं. पावसात मोबाईलचा पडदा बोट ओळखत नाही, थेंबालाच बोट समजतो. बटणांचं जीपीएस यंत्र हाच इलाज, जुनं मिळालं तरी घ्या. दाट झाडीत आणि घळीत त्याचीही रेघ थरथरते, म्हणून दर वळणावर थांबून वेपॉइंट (जागेची खूण) टाकतो. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत मिळणारा जाड प्लास्टिकचा कागद पाठीवरच्या पिशवीत आतून लावला की महागड्या रेनकव्हरपेक्षा भारी. बुटाचा तळ निघाला होता तो तिथल्याच सुभाषनगरात एका कारागिराकडून शिवून घेतला. कंपनीनं नुसता चिकटवलेला, यांनी मेणाच्या दोऱ्यानं कडेकडेनं टाके घातले. एवढ्या चिखलात एक टाका हललेला नाही. जळवांना मीठ-तंबाखूची पुरचुंडी पुरते. वाटेवरच्या म्हसवडे गावाच्या पुढं ती हातातच ठेवा.

माझा आधीचा बेत होता की वर्षाला एकच पक्का ट्रॅक ठेवायचा. हे लिहिता लिहिताच तो बदलतोय. एक ट्रॅक चालणार नाही, आणि महिन्यांची नावं देऊनही भागणार नाही, कारण लावणी पावसावर ठरते, कॅलेंडरवर नाही. फायलींना पावसाच्या नक्षत्रांची नावं देऊया. ‘तरणा’ (पुनर्वसू), ‘म्हातारा’ (पुष्य), ‘हस्त’, ‘स्वाती’. वाडीत फोन करून ‘लावणी संपली का’ विचारलं की कुठली फाईल उघडायची ते कळेल. कापणीनंतर ‘माघ’ची जुनी रेघ सायकलवाल्यांना. फाल्गुन-चैत्रात वणव्यानं खुणा जळतात आणि पाणी आटतं, त्या फाईलमध्ये वाटेपेक्षा विहिरींचे वेपॉइंट जास्त लागतील.

हस्ताच्या फाईलमध्ये एक अट घालणार आहे, कुणाला आवडो न आवडो: मसाईवर सायकल बंद. सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, मातीचा थर जेमतेम बोटभर असतो. गेंद, सीतेची आसवं, सोनकी त्यातच फुलतात. एका चाकाची ओली चाकोरी पुढच्या वर्षीही दिसते. गाडीवाटेनं सायकल हातात धरून चाला, नाहीतर पायीच या.

अजून अडलेलं आहे ते रिंगेवाडी ते पाटेवाडी. तिथंही गुरांची वाट असणारच. पुढच्या उघडिपीत कोल्हापूरच्या सीबीएसवरून (मध्यवर्ती बसस्थानकावरून) सकाळची एसटी धरून तेवढाच तुकडा करणार आहे. त्या बाजूला कुणाची पाहुणेमंडळी असतील तर एवढंच विचारून कळवा: लावणीनंतर गुरं कुठनं जातात?