सिरियाच्या कांड्या, सिरियाचे ठोकळे

कृती एकच, फक्त ओव्हनचं तापमान वेगळं: १०० अंश सेल्सिअसला २४ तास ठेवलं तर सिरिअम ऑक्साइडच्या, म्हणजेच सिरियाच्या, नॅनोकांड्या मिळतात, १८० ला ठेवलं तर ठोकळे.

ऑटोक्लेव्ह (घट्ट बंद होणारं दाबपात्र) आतल्या १०० मिलीच्या टेफ्लॉन लायनरसह वापरायचं. त्या लायनरसाठी १९.२ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड ७० मिली पाण्यात विरघळवा. बीकर प्लास्टिकचा घ्या, कारण इतका तीव्र अल्कली काचेतली सिलिका ओढून घेतो. द्रावण चांगलंच तापतं. पूर्ण निवू द्या. मग १.७४ ग्रॅम सिरिअम नायट्रेट हेक्साहायड्रेट १० मिली पाण्यात विरघळवून ढवळत ढवळत त्यात सोडा आणि अर्धा तास ढवळत राहा. एकूण ८० मिली होतं, म्हणजे लायनर ८० टक्के भरतो. त्याहून जास्त भरू नका. ऑटोक्लेव्ह बंद करून ओव्हनमध्ये ठेवा, आणि नंतर आपोआप निवेपर्यंत उघडू नका.

खरी कटकट धुण्यात आहे. सेंट्रिफ्यूज करून पाण्याने सामू ७ येईपर्यंत धुवायचं. पण क्षार कमी झाले की कण पाण्यात तरंगू लागतात, वरचं पाणी दुधाळ दिसतं आणि घाईत तेच ओतून दिलं जातं. त्यात थोडं इथेनॉल घाला, गाळ खाली बसतो. धुणं अर्धवट सोडलं तर पृष्ठभागावर सोडियम उरतं आणि पुढचे सगळे आकडे संशयास्पद ठरतात.

८० अंशांना वाळवून ४०० अंशांना ४ तास भाजा, तापमान मिनिटाला २ अंशांनी चढवत. फार वर नेलं तर कांड्या एकमेकींना चिकटून जाडजूड होतात. सगळं नीट जमलं तरी हाती पाऊण ग्रॅमही येत नाही. हिशोबाने कमाल ०.६९ ग्रॅम.

कार्बन मोनॉक्साइडच्या ऑक्सिडीकरणासाठी ही पूड उत्प्रेरक म्हणून तपासायची, तर तिचे ५० मिलिग्रॅम क्वार्ट्‌झच्या वाळूत मिसळून अभिक्रियेच्या नळीत भरा. अभिक्रिया उष्णता सोडते. वाळू नसेल तर थर मध्येच तापतो आणि थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) भलतंच सांगतं. आधी ३०० अंशांना ऑक्सिजनमध्ये तासभर ठेवा, म्हणजे हवेतून बसलेले कार्बोनेट बऱ्याच अंशी निघून जातात.

कांड्या ठोकळ्यांपेक्षा सरस निघाल्या की श्रेय लगेच उघड्या स्फटिकपृष्ठांना दिलं जातं. पण कांड्यांचं क्षेत्रफळ ग्रॅममागे बरंच जास्त असतं. बीईटी (वायू शोषून पृष्ठक्षेत्रफळ मोजण्याची पद्धत) वापरून क्षेत्रफळ मोजा आणि अभिक्रियेचा वेग दर चौरस मीटरला काढा, तोही कार्बन मोनॉक्साइडचं रूपांतर १० टक्क्यांच्या आत असताना. चाचणीनंतरचा नमुनाही टीईएम या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. कांड्या उरल्याच नसतील तर तुलना कसली करणार?