झेंडी पडली की समजायचं

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, लेक एरीकाठच्या ह्युरन बंदरात, गिऱ्हाइकांना मासेमारीला नेणाऱ्या एका चार्टर बोटीवर मी खलाशी आहे. कॅप्टनकडे कोस्ट गार्डचं सहा प्रवाशांपर्यंतचं लायसन आहे. सुकाणू त्याचं, गळ सोडणं, मासा जाळीत घेणं, धक्क्यावर साफ करून देणं हे माझं. एप्रिलअखेर एका शनिवारी कोलंबसहून चौघं मराठी आले. त्यांतले काका मूळचे दापोलीकडचे, त्यामुळे बोटीत पाय ठेवल्यापासून त्यांची नजर सामानावरच.

"अरे, मागे गळ सोडला की झालं. या फळ्या कशाला?"

प्रश्न रास्त होता. लेक एरी हे पाच महासरोवरांतलं सगळ्यात उथळ. ह्युरनहून काही मैल आत गेलं तरी खाली चाळीसेक फूट पाणी. त्यात 1980 च्या दशकाच्या शेवटी झेब्रा शिंपल्या आल्या आणि त्यांनी पाणी गाळून गाळून नितळ केलं. डोक्यावरून बोट घरघरत गेली की वॉलआय, म्हणजे आम्ही धरतो तो मासा, बाजूला सरकतो, आणि बोटीच्या सरळ मागे ओढलेलं आमिष रिकाम्या पाण्यातून जातं. म्हणून प्लेनर बोर्ड. नाक तिरकं कापलेली ही फळी पाण्यात उभी तरंगते. ओढली की पाण्याचा रेटा तिला बाहेर ढकलतो आणि आमिष बोटीपासून शंभर-शंभर फूट लांब चालतं.

"काका, ट्रॉलरच्या जाळ्याचं तोंड दोन फळ्या फाकवून धरतात ना, तेच हे. फक्त वरच्या पाण्यात."

"मग सरळ तसं सांग की."

आमच्याकडे दोन्ही प्रकारचे बोर्ड असतात. मोठे बोर्ड नाळेवरच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, खांबाला जाड दोरीने बांधलेले, दोन्ही अंगांना एकेक. गळाची तंगूस त्या दोरीवरून सरकवत नेतात. लहान बोर्ड थेट तंगुसालाच चिमट्याने लावतात, एका गळाला एक. त्या सकाळी वारा ईशान्येचा आणि लाटा तीन फुटांच्या. एरीच्या लाटा उंचीला फार नसतात, पण आखूड आणि उभ्या. एक ओसरते न ओसरते तोच दुसरी. अशा पाण्यात लहान बोर्ड उड्या मारतात. कॅप्टनने मोठे काढायला सांगितले ते बरोबरच होतं.

मोठ्या बोर्डाची जोडणी पाहून काका हसले. न्हाणीघराच्या पडद्याची कडी आणि साधा रबरबँड! तंगुसाला रबरबँडची गाठ मारायची, त्याचं दुसरं टोक कडीत, कडी दोरीवर. तंगूस सैल सोडली की कडी आपोआप बोर्डाकडे घरंगळते. मासा ओढतो, रबरबँड तुटतो, आणि मग मधे फळी-बिळी काही नाही, मासा थेट रॉडवर. एरीवर कित्येक जण हाच जुगाड वापरतात. महागाच्या क्लिपपेक्षा मला तोच आवडतो.

दोन तास एकही रबरबँड तुटला नाही. यंत्राच्या पडद्यावर मासा दिसत होता, आमिषं तीच, जी आदल्या दिवशी चालली होती. काकांनी मग खरा प्रश्न विचारला: "आणि मासा लागूनही रबर तुटलाच नाही तर?"

मी दोन गळ ओढून पाहिले. दोन्हींना हातभर नव्हे, वीतभर व्हाइट पर्च, म्हणजे आम्हाला नको असलेले छोटे मासे, लटकलेले, एक तर केव्हाच मेलेला. गळाला मेलेला पर्च लोंबत असताना वॉलआय कशाला येतोय? पाणी 48 फॅरनहाइट. इतक्या थंडीत वॉलआयसुद्धा झटका देत नाही, नुसता तोंडात धरून मागून येतो. जाड रबरबँडला त्याचा पत्ताच लागत नाही.

दहाच्या सुमाराला वारा पडला. लहान बोर्ड लावू या, असं मी सुचवलं. कॅप्टन कुरकुरला, त्याच्या मते ते फावल्या वेळातल्या लोकांचं खेळणं. पण गिऱ्हाईक गप्प बसलेलं त्यालाही परवडत नाही.

लहान बोर्ड डावे-उजवे वेगळे असतात. आमिष मोजून मागे सोडायचं (आमच्या रिळांवर फुटांचा आकडा दिसतो), पुढच्या चिमट्यात तंगूस खोलवर दाबायची, मागच्या पिनेत अडकवायची, की बोर्ड पाण्यात. सगळ्यात बाहेरचा आधी. त्याचं आमिष उथळ, आतल्यांचं खोल, म्हणजे बाहेरचा मासा आतल्या गळांवरून ओढून आणता येतो. आणि प्रत्येक बोर्डावर स्प्रिंगची झेंडी. स्प्रिंग नुसत्या आमिषाच्या ओढीइतकी ताणून ठेवायची. त्यावर पर्च जरी लागला, काडीकचरा जरी अडकला, तरी झेंडी मागे झुकते. हा ताण जुळवण्यात मी वेळ घालवतो, आणि घालवावाच.

पहिल्या तासात झेंड्यांनी पर्चच दाखवले, पण निदान आमिषं स्वच्छ राहिली. मग पुढे पिंजराजाळ्याची निशाणं दिसली आणि कॅप्टनने डावीकडे वळण घेतलं. डावीकडच्या दोन झेंड्या एकदम पडल्या. दोन्ही वॉलआय! सरळ झालो, पुन्हा शांतता. जाळी ओलांडून उजवीकडे वळलो तर झेंडी उजवीकडची.

वळणाच्या आतल्या बाजूचे बोर्ड मंदावतात, बाहेरच्या बाजूचे धावतात. म्हणजे माशाला संथ हवं होतं. पण वेग कमी झाला की आमचं तरंगतं आमिष थोडं वरही येतं. मासा वेगावर येतोय की खोलीवर? उजवीकडचे तिन्ही गळ वीस-वीस फूट आखडले, वेग तोच, ताशी 1.8 मैल ठेवला. काही नाही. पुन्हा लांबवले आणि कॅप्टनला 1.3 वर यायला सांगितलं. त्यापुढे मला जेवायला फुरसत मिळाली नाही. काकांची झेंडी पडली की ते "पडली रे पडली!" ओरडायचे, बोर्ड जवळ आला की मी चिमटा दाबून तो काढायचो आणि मासा त्यांच्या हाती.

मर्यादा माणशी सहा, मासा किमान 15 इंची. तीनच्या आत चौघांचा कोटा भरला. धक्क्यावर मी साफ करत असताना काका शेजारी उभे राहून तुकडे कालवणाचे कापायला सांगत होते; इथे सगळ्यांना बिनकाट्याचे फिले हवे असतात, त्यामुळे सुरी दोनदा थांबली.

रविवारी वारा परत ईशान्येचा. कॅप्टनने मोठे बोर्डच काढले, तेच योग्य होतं. फक्त रबरबँडचा डबा त्याने स्वतः बदलला, निम्म्या जाडीचे आणले, आणि दर वीस मिनिटांनी गळ तपासायला सांगितलं.