दोन म्हाताऱ्यांसाठी थांबलेल्या 23 गाड्या

परवा इथे अमेरिकेत, साउथ कॅरोलायनातल्या सोकास्टीच्या पुलावर 23 गाड्या आमच्यासाठी थांबल्या. मी मोजल्या. एक पिवळी स्कूल बस, दोन ट्रक, बाकी सगळ्या कार, आणि पुलातून जाणारे कोण, तर आम्ही दोघं, हे 69चे आणि मी 66ची, 36 फुटांच्या जुन्या बोटीत. तेव्हापासून लिहायचं मनात आहे, आज नांगर टाकून बसलोय आणि रेंजही आहे, म्हणून लिहितेय.

वन्संना काळजी वाटते तसं आम्ही उघड्या समुद्रात नसतो हो. व्हर्जिनियातल्या नॉरफोकपासून फ्लोरिडातल्या मायामीपर्यंत नद्या, खाड्या आणि खणलेले कालवे जोडून जवळपास 1,090 मैलांचा आतला जलमार्ग आहे, समुद्र बहुतेक डाव्या हाताला, जमिनीच्या पट्टीपलीकडे राहतो. थंडी आली की आमच्यासारखे कितीतरी रिटायर्ड लोक बोटी घेऊन ह्या वाटेनं दक्षिणेला निघतात. आणि ह्या वाटेवर पूलच पूल. नवीन पक्के पूल 65 फूट उंच, त्यांच्याखालून निवांत जायचं, पण जुने बुटके पूल उघडावे लागतात. आमची बोट वरच्या रडारच्या खांबासकट 22 फूट उंच, आणि असे काही पूल आहेत पाण्यापासून 20 फुटांवर. दोन फुटांसाठी थांबायचं.

आता माझा राग सांगते, कारण तो अजून गेलेला नाही. नॉर्थ कॅरोलायनात विल्मिंग्टनच्या आसपास लागोपाठ दोन पूल आहेत, मध्ये अंतर पाच मैल. पहिला दर अर्ध्या तासानं उघडतो आणि पुढचा दिवसा फक्त तासाच्या ठोक्याला. आम्ही साडेनऊला पहिल्यातून सुटलो. आमचा वेग ताशी आठ मैल, त्याच्यावर ही बोट जातच नाही, आणि गेली असती तरी किनाऱ्याला लोकांचे धक्के, बांधलेल्या बोटी, आपल्या लाटेनं कुणाचं काही मोडलं तर जबाबदारी आपली. म्हणजे पाच मैलांना साडेसदतीस मिनिटं. दहा वाजून आठ मिनिटांनी पुढच्या पुलाशी पोचलो. ह्यांनी रेडिओवर विचारलं, पूल उघडणाऱ्या वरच्या माणसानं शांतपणे सांगितलं, पुढचं ओपनिंग अकराला, कॅप्टन. झालं. आम्ही लांबून दिसत होतो त्याला! पाण्याला भरतीची ओढ, थांबायला जागा नाही, हे बावन्न मिनिटं गिअर पुढे-मागे करत बोट एका जागी धरून उभे. मी आत जाऊन पोहे भिजवले. राग आला की मला काहीतरी करायला लागतं. कढईत फोडणी दिली, बडीशेप घातली, पातेल्यावर ठेवून वाफवले आपल्या इंदूरसारखे, वरून सेव आणि शेवटचा चमचाभर जिरावन मसाला, जो मार्चपासून पुरवून पुरवून वापरतेय. प्लेट वर नेऊन दिली तर हे म्हणाले, अगं नियम आहे, त्याच्या हातात काय आहे. मला कळतं की नियम आहे. पण आपल्याकडे कुणीतरी म्हटलं असतं ना, या, म्हातारी माणसं दिसताय, काढतो तुम्हाला.

हे लिहिताना लहानपणचं आमच्या घराजवळचं रेल्वेचं फाटक आठवतंय. फाटक पडलं की बाबा स्कूटर आडवी करून दांडीखालून काढायचे आणि आम्हाला वाकायला सांगायचे, सगळेच तसे जायचे. इथे दांडीखालून जाणारा मी एकसुद्धा पाहिला नाही. पण म्हणून कुणी मला म्हणू नये की शिस्त इकडचीच. इंदूरनं कचऱ्याचं करून दाखवलंय ना, स्वच्छतेत 2017 ते 2023 सलग सात वर्षं देशात पहिला नंबर, सातव्या वेळी सुरतेबरोबर वाटून, आणि आमच्या रामबागेतल्या घरासमोर सकाळी गाडी आली की भाऊजी स्वतः ओला-सुका वेगळा घेऊन उभे असतात. इथे कितीतरी मरीनांमध्ये, म्हणजे बोटी लावायच्या धक्क्यांवर, सगळं एकाच डब्यात टाकतात, मी पाहिलंय. म्हणजे आपल्याला मनावर घेतलं की येतं.

सोकास्टीला उलटच झालं. हा पूल उचलला जात नाही, अख्खाच्या अख्खा आडवा फिरतो. हे आपले सवयीनं रेडिओच्या चॅनल 13 वर हाक मारत बसले, उत्तरच नाही, मग लक्षात आलं की साउथ कॅरोलायनात पूल चॅनल 9 वर ऐकतात. तिथे बोलले आणि लगेच उत्तर, या कॅप्टन, उघडतो. वाट बघणं नाही, काही नाही. घंटा वाजली, दांड्या पडल्या, गाड्या थांबल्या, आणि तो एवढा लोखंडी सांगाडा हळूहळू वळला, फक्त आमच्यासाठी, मागेपुढे दुसरी बोट नव्हती. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी उगाच मान खाली घातली. त्या बसमध्ये पोरं होती. हे म्हणाले, इथला कायदाच असा आहे, वेगळी वेळ ठरवून दिलेली नसेल तर बोटीनं मागितलं की पूल उघडायचा, कारण पाण्याची वाट आधीची आणि पूल नंतरचा. अकराचा नियमही तोच कायदा आणि हाही तोच, हे मला पटलं, तरी त्या बावन्न मिनिटांचा राग वेगळा आहे.

भाऊजी दर फोनला विचारतात, परत कधी येणार, आता काय राहिलंय तिकडे. चाळीस वर्षं नोकऱ्या केल्या, मुलं आपापल्या गावी, घर विकून ही बोट घेतली, ती काही मौज म्हणून नाही घेतली. ह्यांना डॉक्टरांनी चालतंफिरतं राहायला सांगितलंय आणि इथे दिवसभर दोर ओढा, इंजिन बघा, तेल तपासा, ह्यांची तब्येत इंदूरच्या सोफ्यावर अशी राहिली नसती. जानेवारीत येतोच आहोत आम्ही, दीड महिना. कुणाला टाकून आलेलो नाही.

बोटीचं नाव 'रेवा' मी ठेवलं, म्हणजे आपली नर्मदा. पोरवयात पाणी म्हणजे महेश्वरचा घाट, अहिल्याबाईंच्या पायऱ्यांवर बसून पाय बुडवायचे, बोटीत बसायला मी घाबरायची. आणि घरच्या नळाला येतं तेही नर्मदेचंच, जलूदहून 70 किलोमीटर वर चढवून आणलेलं. नावाखाली मला 'इंदूर' लिहायचं होतं. रजिस्ट्रेशनच्या वेळी कळलं, बोटीचं गाव इथलंच, अमेरिकेतलंच लिहावं लागतं. म्हणून मागे 'रेवा, नॉरफोक' आहे. तो फॉर्म भरला त्या रात्री मी जेवले नव्हते.

तर पुलातून बाहेर पडलो आणि रेडिओवर वरच्या माणसानं बोटीचं नाव विचारलं, त्यांना वहीत नोंद करावी लागते. ह्यांनी नियमाप्रमाणे एकेका इंग्रजी अक्षराचा ठरलेला शब्द सांगितला, रोमिओ, एको, व्हिक्टर, अल्फा. तो थांबला, मग विचारलं, ह्याचा अर्थ काय. हे माझ्याकडे बघायला लागले. मी माइक घेतला, आयुष्यात पहिल्यांदा रेडिओवर बोलले, म्हटलं, आमच्या गावाकडची नदी आहे. तो म्हणाला, थँक यू मॅम, हॅव अ सेफ ट्रिप, रेवा. अगदी बरोबर म्हटलं त्यानं, 'रे' लांब. मागे वळून पाहिलं तर पूल परत जागेवर येत होता आणि बसचे दिवे लागले होते.