निकाल बुधवारी

रविवारची दुपार. आई ताट पुढ्यात घेऊन गवार मोडत बसलेली, आणि मी तिच्या शेजारी आडवा होऊन फोनवर एक शर्यत बघत होतो. आजची नव्हे, २२ फेब्रुवारी १९५९ची. तोही रविवारच होता. फ्लोरिडात डेटोना बीचला नवा कोरा ट्रॅक बांधून झाला होता आणि त्यावरची ही पहिलीच पाचशे मैलांची शर्यत, डेटोना ५००. काळा-पांढरा जुना बातमीपट. आवाज बंद ठेवला होता, नाहीतर "काय घरघर लावलीय" हे ऐकावं लागलं असतं.

मला मोटारशर्यतींचं वेड वगैरे नाही. फॉर्म्युला वनची गाडी तर मला गाडी वाटतच नाही, ती डास मारायच्या रॅकेटची थोरली बहीण वाटते. पण या स्टॉक कार. शोरूममधून लोक घरी नेत त्याच जातीच्या गाड्या, शर्यतीपुरत्या तयार केलेल्या. लांबलचक बॉनेट, चकचकीत बंपर, दारावर रंगवलेला भलामोठा आकडा. जिच्यातून सासुरवाडीला जावं असली गाडी ताशी दोनशे किलोमीटरच्या वर पळताना बघायला गंमत वाटते.

आधी इथल्या शर्यती अर्ध्या पुळणीवर आणि अर्ध्या डांबरी रस्त्यावर होत. बिल फ्रान्स नावाच्या खटपट्या माणसाने अडीच मैलांचा हा ट्रॅक उभा केला. वळणांवर रस्ता ३१ अंशांनी कललेला, म्हणजे पायी चढायचं तर हात टेकत जावं लागेल. त्या भरावासाठी इतकी माती उकरली की आतल्या मैदानात तळंच तयार झालं.

५९ गाड्या सुटल्या. ४१ हजारांवर माणसं बघायला. २०० फेऱ्यांत एकदाही पिवळा झेंडा, म्हणजे गाड्या हळू करायची खूण, निघाला नाही, कुणालाच दम खायला मिळाला नाही. पावणेचार तासांना चारेक मिनिटं कमी असताना शेवटच्या सरळ पट्ट्यात तीन गाड्या खांद्याला खांदा लावून आल्या. ४२ नंबरची ओल्ड्समोबील, तिच्यात नॉर्थ कॅरोलायनाचा ली पेटी. ७३ नंबरची फोर्ड थंडरबर्ड, तिच्यात आयोवाचा जॉनी बोशॉम्प. आणि तिसरा जो वेदरली, ज्याचा पहिल्या नंबराशी काडीचा संबंध नव्हता. तो फेरीने मागे होता, पण ऐन वेळी या दोघांच्या जोडीने रेषेवर हजर. प्रत्येक समारंभात एक असा असतोच, फोटोत बरोबर मध्ये येणारा.

पंचांनी बोशॉम्पला विजयी ठरवलं. विजेत्याच्या जागी उभं राहून त्याचे फोटो निघाले. पेटी म्हणाला, जिंकलोय मी. असा शेवट टिपायला बरोबर रेषेवर रोखलेला कॅमेरा कुणी लावलेलाच नव्हता. मग बिल फ्रान्सने ज्यांच्याकडे जे असेल ते मागवलं, फोटो, फिल्म, सगळं. मी फोनवर बघत होतो ती फिल्मसुद्धा त्याच पुराव्यातली. ६१ तास गेले. बुधवारी निकाल फिरला: पेटी पहिला, जेमतेम दोन फुटांनी.

मी तो क्षण अंगठ्याने पुढेमागे सरकवून पाहिला. सरासरी वेग ताशी १३५ मैल, म्हणजे सेकंदाला साठ मीटर. फिल्म सेकंदाला २४ चित्रं घेते असं धरलं, तर एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जाईपर्यंत गाडी आठ फूट सरकलेली. आणि भांडण दोन फुटांचं! नाक रेषेला टेकलं तो क्षण दोन चित्रांच्या फटीत पडला असण्याचीच शक्यता जास्त. मग मागचंपुढचं चित्र लावून ठरवायचं, पुढे कोण होतं ते. मला विचाराल तर माझ्या फोनवर मला फक्त अंगठ्याचा तेलकट ठसा स्पष्ट दिसला.

आमच्या घरातही असा एक खटला आहे. ताईच्या लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा मामा तिच्या मागे उभा होता की नव्हता? आई म्हणते होता. बाबांकडचे म्हणतात, तो तेव्हा आचाऱ्याशी हुज्जत घालत होता. शेवटी कॅसेट लावली. सगळे टीव्हीसमोर, श्वास रोखून. "शुभमंगल सावधान" झालं, आणि नेमका त्याच क्षणी व्हिडिओवाल्याने कॅमेरा अक्षता उधळणाऱ्या बाल्कनीकडे वळवला. तिथून तो परत आला तोवर हार घालून झाले होते आणि मामा ताईच्या मागे उभा होता, किंचित धापा टाकत. हा पुरावा दोन्ही पक्ष आपापल्या बाजूने वापरतात.

राहून राहून मला बोशॉम्पचा सोमवार आणि मंगळवार आठवतो. त्या दोन दिवसांची फिल्म कुठे आहे? माणूस अभिनंदनं घेत असेल, की आतल्या आत रेषेवरचा तो क्षण मागेपुढे सरकवत असेल? बिल फ्रान्सला मात्र घाई नसावी असा माझा संशय आहे. नव्या ट्रॅकचं नाव तीन दिवस फुकटात छापून येत होतं.

पेटीबद्दल वाईट बोलवत नाही, कारण त्याने पोटच्या पोरालाही सोडलं नाही. त्याच वर्षी जूनमध्ये अटलांटाच्या लेकवुडला रिचर्ड पेटी, त्याचा मुलगा, आयुष्यातली पहिली शर्यत जिंकल्याचं जाहीर झालं. तक्रार कुणी केली? बापाने! फेऱ्या मोजण्यात चूक आहे म्हणाला. पुन्हा मोजल्या. चूक होती. बाप पहिला, पोरगा दुसरा.

हे मी आईला सांगितलं. तिने एक शिरा ओढून काढली आणि म्हणाली, "बरोबर केलं त्याने. खोटं बक्षीस घरात कशाला?"

मग फोनकडे वाकून बघितलं. तीन गाड्या रेषेवर थांबवलेल्या होत्या.

"मग ह्यात जिंकलं कोण रे?"

"बुधवारी सांगतो," मी म्हटलं.