भावाच्या फीचा पगार

हॅरिएट हॅन्सन दहा वर्षांची असताना अमेरिकेतल्या लॉवेल गावच्या कापड गिरणीत कामाला लागली. वडील सुतार होते, बॉस्टनला वारले. शेजारीण म्हणाली, पोरगी मला द्या, मी सांभाळते. आईने नकार दिला आणि चारही मुलांना घेऊन लॉवेल गाठलं. तिथे गिरणी कंपनीच्या बोर्डिंगमध्ये राहणाऱ्या कामगारांची खाणावळ ती चालवू लागली. हॅरिएटचं काम भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या लावायचं. तासातली पंधराएक मिनिटं काम, बाकी वेळ खेळा नाहीतर वाचा. पण हजर राहायचं पहाटे पाचपासून संध्याकाळी सातपर्यंत, आणि पगार आठवड्याला दोन डॉलर.

हे १८३० च्या दशकातलं मॅसॅच्युसेट्स. मेरिमॅक नदीच्या धबधब्यावर चालणाऱ्या या गिरण्यांत न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट, मेनच्या शेतकऱ्यांच्या मुली येत. आठवड्याला तीन-साडेतीन डॉलर मिळत, त्यातला सव्वा डॉलर खाणावळीला जाई. उरलेले पैसे कुठे जात, ते हॅरिएटने म्हातारपणी लिहून ठेवलंय: बहुतेक जणींच्या राबण्यामागे घरातल्या एखाद्या पुरुषाचं शिक्षण असे. भाऊ कॉलेजात जावा, वकील व्हावा, पाद्री व्हावा. हार्वर्डचे दरवाजे तर बहिणींना बंदच होते.

मी यंत्रमागांच्या इचलकरंजीची. माझी आई सातवीनंतर शाळा सोडून मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसली आणि दोन्ही मामा डिप्लोमा झाले. आमच्या घरात हे कधी त्याग वगैरे म्हणून सांगितलं गेलं नाही, तसं होतं एवढंच. आता मी लॉवेलपासून गाडीने अर्ध्या तासावर राहते. आई इकडे आली तेव्हा तिला तिथल्या बूट (Boott) नावाच्या जुन्या कापड गिरणीच्या म्युझियममध्ये नेलं. खाली जुने धोट्याचे माग चालू ठेवलेत आणि दारातच कानात घालायला बोळे देतात. आईने ते पर्समध्ये टाकले. मागांच्या रांगेकडे बघून म्हणाली, "एवढ्या मागांवर जॉबर कुठं दिसंना?" जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा मिस्त्री.

वर गेल्यावर मी तिला भावांच्या शिक्षणाचं सांगितलं. "म्हणजे आमच्यावाणीच की," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पण त्यांना पगार हातात मिळायचा का?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता, आणि खरा फरक तिथेच आहे. आईचा पगार दिवाणजी आजोबांच्या हातात द्यायचा. लॉवेलच्या अविवाहित मुलीला मात्र पैसे स्वतःच्या हातात मिळत. १८२९ साली गावात बचत बँक निघाली होती, तिच्यात कित्येकींची खाती होती. पैसे भावाला पाठवायचे की नाही, हे निदान तिने ठरवल्यासारखं होतं. लग्न झालेलीचं तसं नव्हतं. कायद्याने तिची कमाई नवऱ्याची. त्रास देणाऱ्या नवऱ्यापासून पळून आलेल्या बायका खोट्या नावाने गिरणीत लागत, कारण पत्ता लागला तर तो थेट कंपनीकडून पगार अडवू शके. १८५५ च्या कायद्याने मॅसॅच्युसेट्समध्ये विवाहितेची कमाई तिची झाली. हे ऐकून आईने फक्त "पंचावन्न" असं म्हटलं. बहुधा आमच्याकडचं कुणीतरी आठवलं असावं.

लॉवेलबद्दल लिहिणारे त्या मुलींच्या वाचनाचं फार कौतुक करतात. आहेच ते कौतुकाचं. ल्यूसी लारकॉम नावाची मुलगी अकराव्या वर्षी गिरणीत लागली. पुस्तक आणायला बंदी, म्हणून तिने वर्तमानपत्रातल्या कवितांची कात्रणं खिडकीच्या चौकटीला चिकटवली. पुढे ती शिक्षिका आणि कवयित्री झाली. मुली स्वतःचं मासिक काढत, दिवसभर राबून रात्री व्याख्यानांना जात. मला मात्र त्या खिडकीत येऊन पडणारा कापूस दिसतो. तो दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला. जॉर्जियात १८२९ पासून, अलाबामात १८३२ पासून गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं गुन्हा होता. त्याच कापसाचं जाडंभरडं कापड लॉवेलला विणून पुन्हा त्या गुलामांच्या अंगावर जाई. दक्षिणेचे चाबूकवाले आणि उत्तरेचे मागवाले यांची युती आहे, असं गुलामगिरीविरोधी पुढारी चार्ल्स समनर १८४८ साली म्हणाला ते उगाच नाही. १८३६ च्या संपात मुली 'आम्ही गुलाम होणार नाही' अशा अर्थाचं गाणं म्हणत रस्त्याने गेल्या.

त्या संपाचं कारण साधं होतं: खाणावळीचे दर वाढवले. म्हणजे पगाराला हात न लावता पगार कापला. ही युक्ती इचलकरंजीत कुणाला समजावून सांगायला लागू नये. हॅरिएट तेव्हा अकरा वर्षांची. तिच्या खात्यातल्या मोठ्या मुली जावं की न जावं करत राहिल्या, तशी ही म्हणाली, कुणी आलं नाही तरी मी जाते, आणि चालू लागली. मागोमाग सगळ्या. कंपनीने हॅरिएटला काही केलं नाही. तिच्या आईची खाणावळ काढून घेतली. मोठ्या मुलींना तुम्ही अडवू शकला नसता, पण तुमची पोरगी तर तुमच्या ताब्यात होती, असं तोंडावर सांगून.

संप करायला या मुलींना बळ होतं, कारण मागे शेत होतं, घर होतं. फसलं तर परत जायचं. १८४० च्या दशकात आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक कुजलं आणि उपाशी कुटुंबं इकडे आली, त्यांना परत जायला काही नव्हतं. त्यांच्याकडे भावाला कॉलेजात घालायचा प्रश्नच येत नसे, भाऊही गिरणीत. पंधरा वर्षांखालच्या कामगार मुलांनी वर्षातले तीन महिने शाळेत जावं असा १८३६ चा कायदा होता, पण पोराचा पगार बंद झाला की चुलीवर परिणाम होणार, म्हणून आईबापच वय वाढवून सांगत.

बायकांनी आणखी एक गोष्ट मागितली होती, दहा तासांचा दिवस. लॉवेलची गिरणी कामगार सारा बॅगली आणि तिच्या बायकांच्या संघटनेने १८४५ मध्ये हजारो सह्या गोळा करून विधिमंडळाकडे अर्ज दिला, समितीपुढे साक्षी दिल्या. समितीने कामाचे तास जास्त असल्याचं मान्य केलं आणि कायदा करायचं नाकारलं. मॅसॅच्युसेट्सने बायका-मुलांसाठी दहा तासांचा कायदा केला तो १८७४ साली. सह्या करणाऱ्या मुलींपैकी किती जणी तोवर आज्या झाल्या असतील, आणि गिरणीत तर दुसऱ्याच देशांतून आलेल्या मुली उभ्या होत्या.