समुद्राच्या चिखलात औषध? तुम्ही विचारलंत म्हणून...

‘जमिनीवरची औषधं संपली, म्हणून आता समुद्रतळाचा चिखल उपसताय का?’ मी काय काम करते हे कळलं की हा प्रश्न ठरलेला. संपली नाहीत हो, पण तीच तीच सापडायला लागली. मातीतल्या ॲक्टिनोमायसीट्स गटातल्या जिवाणूपासून १९४३मध्ये स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावरचं प्रतिजैविक मिळालं. पुढे जगभरची माती इतकी चाळली गेली की जिवाणू नवा असला तरी रसायन निघायचं जुनंच.

समुद्रातले जिवाणू नवं काही देतात, पण आधी ते जगले पाहिजेत ना! सॅलिनिस्पोरा या समुद्री जिवाणूचंच घ्या. अमेरिकेतल्या स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेच्या विल्यम फेनिकल आणि पॉल जेन्सन यांच्या गटाला तो बहामाजच्या समुद्रतळाच्या गाळात सापडला. गाळ वाळवायचा, गरम करायचा, म्हणजे भराभर वाढणारे आगंतुक मरतात आणि सॅलिनिस्पोराचे बीजाणू (कठीण परिस्थितीत टिकणारी त्याची बीजं) तगतात. मग समुद्राच्या पाण्यात कालवलेल्या आगरवर (जिवाणू वाढवायच्या जेलीवर) तो गाळ पसरून कित्येक आठवडे वाट बघायची. नशीब असेल तर बारीक नारिंगी ठिपके उमटतात आणि बीजाणू धरले की काळे पडतात. तेच आगर गोड्या पाण्यात केलं, तर काहीही उगवत नाही.

या जिवाणूतून निघालेलं सॅलिनोस्पोरामाइड ए हे रसायन २००३मध्ये जगापुढे आलं. पेशीतल्या निकामी प्रथिनांची विल्हेवाट लावणाऱ्या प्रोटिअसोमलाच ते कायमचं जखडतं. प्रथिनं साचतात, पेशी मरते. कर्करोगाच्या पेशींना हा फटका जास्त बसतो. मॅरिझोमिब या नावाने त्याच्या चाचण्या झाल्या. ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगावरच्या मोठ्या चाचणीत मात्र रुग्णांचं आयुष्य त्याने वाढलं नाही. वाईट वाटलं, पण म्हणून वीसेक वर्षांचं काम पाण्यात गेलं असं मी म्हणणार नाही. इतक्या वेगळ्या घडणीचा रेणू कागदावर कुणाला सुचला नसता.

‘मग बाजारात आलं का एखादं?’ आलंय की. २००७मध्ये युरोपात मंजूर झालेलं कर्करोगावरचं ट्रॅबेक्टेडिन. सापडलं समुद्रातल्या एका ॲसिडियन (खडकांना चिकटून राहणाऱ्या पिशवीसारख्या) प्राण्यात, पण ते बनवतो त्याच्या अंगात राहणारा जिवाणू. (श्रेय अजून प्राण्यालाच मिळतं, याचा मला उगाच राग येतो.)

आणि सॅलिनिस्पोरा ट्रॉपिका, म्हणजे सॅलिनोस्पोरामाइड देणारी सॅलिनिस्पोराची जात, संपलेली नाही. २००७मध्ये तिचा जीनोम (सगळी जनुकं) वाचला, तेव्हा जवळजवळ दहा टक्के भाग अशीच रसायनं बनवण्यासाठी राखलेला दिसला. यातले बरेच जनुकसमूह प्रयोगशाळेत गप्प बसतात. कधी शेजारी दुसरा जिवाणू वाढवला की एखादा जागा होतो. सध्या माझा बराचसा वेळ असे शेजारी शोधण्यात जातो.