गुलबक्षीचा ताळेबंद : जेनेटिक्स कोर्स, आठवा महिना

मागची नोंद सप्टेंबरातली. तेव्हा कोर्सचा पाचवा आठवडा चालू होता आणि गच्चीवरच्या कुंड्यांत गुलबक्षीच्या १७ बिया नुकत्याच गेल्या होत्या. आज जानेवारी संपत आलाय. बारा आठवड्यांचा कोर्स आठ महिन्यांत अकराव्या आठवड्यापर्यंत ओढत आणलाय. वेग बैलगाडीचा आहे, पण गाडी चालू आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: मी बी.कॉम. दिवसभर लोकांचे जमाखर्च बघतो. दहावीनंतर जीवशास्त्राशी संबंध सुटला तो थेट गेल्या जूनमध्ये जुळला, तोही एका परदेशी विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाच्या कोर्समुळे. व्हिडिओ आणि गणितं फुकट आहेत. प्रमाणपत्राचे पैसे पडतात, ते मी भरलेले नाहीत. या वयात प्रमाणपत्र दाखवणार कुणाला?

आधी एक कबुली. पहिले चार आठवडे मी व्हिडिओ दीडपट वेगाने, जेवताना बघितले. सगळं कळतंय असं वाटायचं. मग गणितं सोडवायला बसलो आणि पहिल्या संचात दहापैकी तीन बरोबर आली. तेव्हापासून उलटी पद्धत धरली आहे: आधी गणित वाचायचं, अडायचं, आणि मग अडलेल्या जागेपुरता व्हिडिओ बघायचा. ज्यांना हा किंवा असाच कोर्स सुरू करायचाय त्यांनी एवढं एक घ्या. जेनेटिक्स ऐकून येत नाही, ते ताळेबंदासारखं मांडूनच जुळतं.

सहावा-सातवा आठवडा, लिंकेज, म्हणजे एकाच गुणसूत्रावरचे जनुक बहुतेक वेळा जोडीनेच पुढच्या पिढीत जाणं. घोडं पेंड खातं ते इथे. तीन जनुकांचा क्रम आणि अंतर काढायचं गणित होतं. माशीची १००० पिल्लं, आठ प्रकारची, त्यांचे आकडे दिलेले. मी दोन रात्री कोणता जनुक कुठे ते अंदाजाने ठेवून बघत होतो. तिसऱ्या रात्री जुन्या व्हाउचरच्या पाठीवर आठही प्रकार मोठ्यापासून छोट्यापर्यंत उतरवले आणि चित्रच बदललं. सगळ्यात मोठ्या दोन गटांत मिळून ७८८ पिल्लं: ही आईबापांसारखी, इथे जोडीतल्या गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल झालेलीच नाही. सगळ्यात छोट्या दोन गटांत मिळून फक्त ४: इथे दोनदा अदलाबदल झाली. आता मोठा गट आणि छोटा गट शेजारी ठेवायचे. तीनपैकी जो एकटाच जनुक पलटलेला दिसतो तो मधला. बस्स, क्रम मिळाला. उरलेल्या चार गटांच्या दोन जोड्या, एकदाच अदलाबदल झालेल्या: १३६ आणि ७२. दुहेरीवाले ४ दोन्हीकडे मिळवायचे, म्हणजे १४० आणि ७६. हजारातून १४ टक्के आणि ७.६ टक्के. हीच अंतरं: १४ आणि ७.६ सेंटीमॉर्गन (एक टक्का म्हणजे एक सेंटीमॉर्गन).

ते ४ दोन्हीकडे का मिळवायचे, यावरच माझी गाडी सगळ्यात जास्त अडली होती. हिशेबाच्या भाषेत सांगतो. त्या चार पिल्लांत पहिल्या टप्प्यातही तुटलंय आणि दुसऱ्या टप्प्यातही. एकच व्यवहार दोन खात्यांना लागू असेल तर तो दोन्ही खात्यांत दिसायलाच हवा. आणखी एक गंमत: दोन्ही अदलाबदली एकमेकींशी देणंघेणं नसल्यासारख्या झाल्या असत्या, तर दुहेरीवाले १०-११ असायला हवे होते. आले ४. म्हणजे एका जागी तुटलं की शेजारी तुटणं अवघड जातं. याला इंटरफिअरन्स म्हणतात.

ही पद्धत ज्याने पहिल्यांदा वापरली तो आल्फ्रेड स्टर्टेव्हंट तेव्हा कोलंबिया विद्यापीठात पदवीचा विद्यार्थी होता. १९११ साली माशांवर जेनेटिक्सचे प्रयोग करणाऱ्या थॉमस मॉर्गनच्या प्रयोगशाळेतले माशांचे आकडे त्याने घरी नेले, कॉलेजचा गृहपाठ बाजूला टाकला आणि एका रात्रीत गुणसूत्राचा पहिला नकाशा काढला. १९१३ मध्ये तो छापून आला. मला तीन रात्री लागल्या, तेही उत्तर आहे हे ठाऊक असताना.

आठवा आठवडा वंशावळीचा. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई, रंगवलेला म्हणजे ज्याच्यात तो गुण दिसतो. हा मी घरच्याच माणसांवर लावून बघितला, कारण माझ्या मामाला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. हा दोष एक्स गुणसूत्रावरचा. मामाला त्याचं एक्स आजीकडून आलं, म्हणजे आजी वाहक (स्वतःत दोष दिसत नाही, पण पुढे देऊ शकते). आजोबांची नजर ठीक होती, म्हणून आई वाहक असण्याची शक्यता निम्मी. इथपर्यंत मी स्वतः पोचलो होतो. पण कोर्सचं गणित पुढे विचारतं: तिचे दोन मुलगे, म्हणजे मी आणि भाऊ, दोघंही ठणठणीत आहेत, तर आता? आई वाहक असती तर दोघंही सुटायची शक्यता चारात एक. वाहक नसती तर दोघं सुटणारच. निम्म्याचा चौथा हिस्सा म्हणजे एक अष्टमांश, आणि समोर निम्मा, म्हणजे चार अष्टमांश. पाचात एक. आई ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, नुसतं आम्ही दोघं रंग ओळखतो म्हणून. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग तिसरा असता तर मी आणखी सुटले असते का?" सुटली असती. नवात एक. तिने ते कोर्स न करता ओळखलं.

नववा आठवडा एपिस्टॅसिस, म्हणजे एका जनुकाने दुसऱ्याचा परिणाम झाकून टाकणं, आणि त्यात मुंबई भेटली. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं रक्त नोंदवलं जे तपासणीत ओ दिसायचं पण ओ गटाचं रक्तही त्याला चालायचं नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि जगभर बॉम्बे ब्लड ग्रुप हे नाव पडलं. कारण समजलं तेव्हा फार बरं वाटलं. ए आणि बी ही रंगरंगोटी आहे, ती एच नावाच्या भिंतीवर होते. एचचा जनुक दोन्हीकडून नादुरुस्त मिळाला तर भिंतच नाही. मग रंगाच्या डब्यात ए असो की बी, लावणार कुठे? ए-बीचा जनुक नवव्या गुणसूत्रावर, एचचा एकोणिसाव्यावर, म्हणजे दोघं स्वतंत्रपणे वाटले जातात. दोघंही एबी गटाचे आणि दोघंही एचचे वाहक असं जोडपं घेतलं तर मुलांचं प्रमाण येतं ३ ए, ६ एबी, ३ बी आणि ४ ओसारखे दिसणारे. एबी आईबापांना ओ मूल! जुन्या सिनेमात यावरून अख्खं घर मोडलं असतं.

दहावा आठवडा म्हणजे लॅक ओपेरॉन (जिवाणूंतले काही जनुक गरजेप्रमाणे चालू-बंद करणारी व्यवस्था) वगैरे. बघितला, परीक्षा दिली, पुढे गेलो. जिवाणूंशी माझं काही जमेना.

आता गच्ची.

पाठ्यपुस्तकांत गुलबक्षी म्हटलं की अपूर्ण प्रभाविता: लाल आणि पांढऱ्याचा संकर केला की गुलाबी, आणि त्या गुलाबीच्या पुढच्या पिढीत लाल, गुलाबी, पांढरी १:२:१. १९०० मध्ये मेंडेलचे नियम नव्याने उजेडात आणणाऱ्या तिघांपैकी कार्ल कॉरेन्सने या झाडावर काम केलं. खुद्द मेंडेलनेही गुलबक्षीच्या फुलावर एकेकच परागकण ठेवून बी धरतं का ते बघितलं होतं. ते जमू शकतं, कारण हे कण एवढे मोठे असतात की नखावर घेतले तर भिंगाशिवाय दिसतात. माझ्याकडे आईच्या माहेराहून आलेली गडद रंगाची गुलबक्षी होती, शेजारच्या काकूंकडे पांढरी. म्हटलं, पुस्तकातला गुलाबी घरी काढू.

काम नाजूक आहे. फूल चार-साडेचारला उमलतं, म्हणून रविवारी दुपारी दोनला मिटलेली कळी टाचणीने उभी चिरायची, आतले पाचही पुंकेसर भुवया कोरायच्या चिमट्याने काढायचे (चिमटा बायकोचा, ती हे वाचत नाही), वर बटरपेपरची टोपी. संध्याकाळी टोपी काढून गडद फुलातले पराग लावायचे आणि टोपी परत. नाहीतर अंधार पडला की पतंग येतात आणि कोण कुणाचा बाप ते कळत नाही. यात खरी मेख म्हणजे गुलबक्षीच्या एका फुलाला एकच बी. वाटाण्याच्या शेंगेत सहा-सात दाणे मिळतात, इथे चाळीस बिया हव्यात तर चाळीस शस्त्रक्रिया. मी ४१ केल्या. त्यातली सात फुलं आईने टोपीसकट तोडून देवाला वाहिली. "कागद बांधलेली होती, मला वाटलं तू पूजेसाठीच राखलीयेस." बाकीच्यांतून १७ मिऱ्यांसारख्या काळ्या बिया मिळाल्या, १४ उगवल्या, ११ फुलापर्यंत पोचल्या.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहिलं फूल उमललं. पांढरं. दुसरं बापासारखंच गडद. तिसरं गडद. चौथं पांढरं. महिनाअखेरीस ६ गडद, ५ पांढरी. पुस्तकातला फिका गुलाबी एकही नाही.

पहिला संशय स्वतःच्या हातावर. पांढऱ्या आईचा एखादा पुंकेसर आत राहिला असेल तर ती स्वतःच फळणार आणि पांढरी पोरं देणार. पाच वेळा? शक्य आहे, चष्मा लागलेला आहे. पण दुसरी शक्यता त्या रात्री वही चाळताना सुचली. सहाला पाच म्हणजे जवळजवळ निम्मे-निम्मे. निम्मे-निम्मे कधी येतं? एक बाजू शुद्ध (जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्या) आणि दुसरी मिश्र (दोन वेगळ्या) असते तेव्हा. म्हणजे माझी गडद गुलबक्षीच मिश्र असली तर? मी ज्या गुलाबीच्या शोधात होतो तो हाच असेल तर? तो रंग नीट बघा: लाल नाही, राणी कलरकडे झुकणारा. मराठीत त्या रंगाला नावच गुलबक्षी आहे. साड्यांच्या दुकानात आपण पिढ्यान्‌पिढ्या संकराचा रंग मागतोय की काय!

आणि मग आठवलं की मेंडेलच्या व्हिडिओत एक भाग मी पुढे ढकलला होता, कंटाळवाणा वाटला म्हणून. तो आता बघितला. मेंडेलने वाटाण्याचे ३४ वाण आणले होते आणि संकराला हात लावण्याआधी दोन वर्षं ते नुसते पेरून बघितले की पोरं आईबापांसारखीच येतात का. त्यातले २२ त्याने पुढे वापरले. ५४७४ गोल दाणे आणि १८५० सुरकुतलेले हे आकडे सगळ्यांना पाठ असतात, ती दोन वर्षं कुणी सांगत नाही. मी दोन आठवडेही दिले नव्हते. आईच्या माहेरचं झाड म्हणजे शुद्ध, एवढाच माझा पुरावा.

सुदैवाने एक गोष्ट हातून बरी झाली होती. टोपीखाली फूल स्वतःच फळतं का हे बघायला जुलैत मी गडद झाडाची काही फुलं कापाकापी न करता नुसती झाकून ठेवली होती. त्या बिया औषधाच्या डबीत पडून होत्या. हाच खरा निवाडा. या बियांत पांढऱ्या झाडाचा काही हात नाही, माझ्या चिमट्याचाही नाही. गडद झाड शुद्ध असेल तर सगळी पोरं गडद. मिश्र असेल तर चारात एक पांढरं, आणि चारात एक असा रंग जो मी अजून गच्चीवर बघितलेलाच नाही.

मग त्यातल्या १९ बिया लावल्या, सगळ्या उगवल्या. थंडीने वाढ रेंगाळली. संक्रांत उलटली तरी कळ्या नाहीत. गेल्या आठवड्यात उमलायला लागल्या. आजपर्यंत सात झाडं फुलली आहेत: चार गुलबक्षी, दोन पांढरी आणि एक, कुंडी क्रमांक अकरा, खरं लाल. कुंकवाचं लाल, राणीची छटाही नाही. काल संध्याकाळी तिन्ही फुलं तळहातावर शेजारी ठेवून गच्चीवरच्या बल्बखाली बराच वेळ बघत होतो. पोरगी वर कपडे काढायला आली, म्हणाली, "बाबा, फोटो तरी काढा." फोटोत लाल आणि गुलबक्षी सारखेच दिसतात, म्हणून इथे देत नाही.

सातांवर काय-स्क्वेअर (आकडे अपेक्षित प्रमाणाशी जुळतात का ते तपासायची चाचणी) लावण्यात अर्थ नाही, बारा कुंड्या बाकी आहेत. अकरा नंबरच्या प्रत्येक कळीवर आजपासून टोपी आहे, आणि आईला कुंडी दाखवून ठेवली आहे.